दगडाची घनता काढा स्वयंपाकघरातल्या काट्यावर

घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, हे सातवी-आठवीपासून पाठ असतं. वस्तुमान काटा सांगतो. अडतं ते आकारमानापाशी. पांझरेच्या पात्रातला वेडावाकडा दगड पट्टीने मोजता येत नाही. मोजपात्रात बुडवून पाणी किती चढलं ते पाहावं, तर दगड मावेल इतक्या रुंद पात्रावरच्या खुणा दहा-दहा मिलिलिटरच्या असतात. त्यापेक्षा काट्यालाच आकारमान मोजायला लावणं सोपं आणि अचूक.

साहित्य थोडं आहे: 5 किलोपर्यंतचा, 1 ग्रॅमपर्यंत वाचणारा डिजिटल काटा, दोनेक लिटरचं प्लास्टिकचं रुंद भांडं, बारीक नायलॉनचा दोरा, एक लाटणं आणि सारख्या उंचीचे दोन डबे. सुती दोरा नको, तो पाणी पितो. दगड 300 ग्रॅमच्या आसपासचा घ्या. त्याहून लहान का नको, ते हिशेबात कळेल.

दगड धुऊन उन्हात कडकडीत वाळवा आणि कोरडाच तोला. मग काट्यावर अर्धं-अधिक भरलेलं पाण्याचं भांडं ठेवा. काट्याच्या दोन बाजूंना ओट्यावरच डबे ठेवून त्यांवर लाटणं आडवं टाका. डबे किंवा लाटणं काट्याला टेकलं तर सगळं मोजमाप वाया जातं. आता टेअरचं बटण दाबून आकडा शून्यावर आणा. दगड दोऱ्याने लाटण्याला असा टांगा की तो पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला लागणार नाही. आकडा थांबला की लिहून घ्या. जितके ग्रॅम दिसतील, तितके घन सेंटिमीटर दगडाचं आकारमान.

असं का? पाणी दगडाला जितक्या बलाने वर ढकलतं, तितक्याच बलाने दगड पाण्याला खाली दाबतो. हे बल दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं असतं आणि 1 घन सेंटिमीटर पाणी जवळजवळ 1 ग्रॅम भरतं. दगडाचा उरलेला भार दोरा पेलतो. दगड तळाला टेकला की तो भारही काट्यावर येतो. आकडा अचानक फुगला, तर आधी तळ पाहा.

समजा कोरडा दगड 342 ग्रॅम आणि बुडवल्यावर आकडा 119. भागाकार 2.87. खानदेशातला काळा बेसाल्ट साधारण 2.7 ते 3.0 मध्ये बसतो, म्हणजे उत्तर पटण्यासारखं आहे. पण 119 मध्ये एका ग्रॅमची चूक धरली तर उत्तर 2.85 ते 2.90 असं हलतं. कॅल्क्युलेटरवरचे पुढचे आकडे उतरवण्यात अर्थ नाही. हाच दगड 20 ग्रॅमचा असता तर आकडा 7 आला असता आणि एका ग्रॅमची चूक म्हणजे 14 टक्के. दोन मोजमापांतलं जे लहान, तेच उत्तराची अचूकता ठरवतं.

काटा सगळंच दोन टक्के जास्त दाखवत असेल तरी बिघडत नाही, कारण दोन्ही आकडे त्याच काट्याचे आहेत आणि भागाकारात ती चूक उडून जाते. मे महिन्यात जळगावात टाकीचं पाणी 40 अंशांवर गेलं तर त्याची घनता 0.992 होते. फरक एक टक्क्याहून कमी, या काट्यावर सोडून द्या. कूलर मात्र बंद करा. त्याच्या झोताने आकडा नाचतो.

आकडा हळूहळू खाली घसरत असेल आणि बुडबुडे निघत असतील, तर दगड सच्छिद्र आहे. लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूंची ती भोकं, आणि त्यांत आता पाणी शिरतंय. असा दगड कोरडा तोलून रात्रभर भिजवा, ओल्या फडक्याने वरचं पाणी टिपा, पुन्हा तोला, मग टांगा. बुडवल्यावरचा आकडा आता भोकांसकट आकारमान देतो. ओलं वजन वजा कोरडं वजन म्हणजे भोकांत गेलेलं पाणी. त्याला त्या आकारमानाने भागलं की दगडात उघड्या पोकळ्या किती, ते कळतं. भोकांत पांढरे स्फटिक सापडले तर ते घनतेवरून ओळखण्याच्या फंदात पडू नका. क्वार्ट्झ 2.65, कॅल्साइट 2.71, हा फरक या काट्याच्या आवाक्यातला नाही. लिंबाचा रस टाका. कॅल्साइट फसफसतो, क्वार्ट्झ ढिम्म राहतो.

तरंगणाऱ्या वस्तूला दोरा उपयोगाचा नाही. भरताचं वांगं घ्या. शून्यावर आणलेल्या काट्यावरच्या भांड्यात ते नुसतं सोडा, आकडा येईल तो वांग्याच्या वजनाचा. हा आकडा वेगळ्या तोललेल्या वजनाशी जुळला नाही, तर वांगं कडेला अडकलंय. मग दाभणाच्या टोकाने ते जेमतेम बुडेपर्यंत दाबा. बोट पाण्यात नको, तेही आकारमानात धरलं जातं. आकडा वाढून आकारमानावर थांबेल. पहिल्याला दुसऱ्याने भागा, उत्तर एकाहून कमीच येणार. वांग्याचा गर स्पंजासारखा हवेने भरलेला असतो, म्हणून तर ते तरंगतं.

जळगावात ही रीत कळली की पुढचा प्रश्न सोन्याचा येतो. शुद्ध सोन्याची घनता 19.3, म्हणजे 10 ग्रॅमचं नाणं जेमतेम 0.52 ग्रॅम पाणी सारतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते दिसणारही नाही. 0.01 ग्रॅम वाचणारा काटा लागेल, आणि त्यावरही 22 कॅरेटचा आकडा 0.56 च्या आसपास येतो, म्हणजे सगळा निवाडा चार खुणांवर. तिथे दोऱ्याला चिकटलेला एक बुडबुडाही निकाल फिरवतो. लाख भरलेल्या किंवा पोकळ दागिन्यावर हा प्रयोग चालत नाही, आणि टंगस्टनची घनताही 19.3 च असल्याने तसली भेसळ यात पकडली जात नाही.