चैत्रगौरीचे हळदीकुंकू: आरास आणि पन्हे बिघडू नये म्हणून या चुका टाळा

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, महिनाभर माहेरी राहते. या महिन्यात सोयीच्या एखाद्या दिवशी, बहुधा मंगळवारी किंवा शुक्रवारी, घरोघर हळदीकुंकू होते. गौरीपुढे आरास मांडली जाते आणि आलेल्या बायकांना कैरीचे पन्हे, आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे, कलिंगडाची फोड व मोगऱ्याचा गजरा दिला जातो. या यादीतील जवळजवळ प्रत्येक वस्तू उन्हातून आलेल्या माणसाला गारवा देणारी आहे. या समारंभात जे काही बिघडते, त्यातील बहुतेक बिघाडाचे मूळ एकच असते: तयारी करताना देखाव्याचा विचार होतो आणि उन्हाचा विचार राहून जातो. पन्हे बेचव होण्यापासून डाळ आंबण्यापर्यंत आणि गजरे करपण्यापासून पाहुण्या घामाघूम होण्यापर्यंत सगळ्या तक्रारी तिथे येऊन थांबतात.

वेळेपासूनच सुरुवात करू. दुपारी चार वाजताचे आमंत्रण मुंबईत कदाचित खपेल, परंतु अकोला, नागपूर किंवा परभणीत एप्रिलच्या मध्यावर चार वाजता कोणालाही घराबाहेर काढणे हा दुष्टपणा आहे. तेथे साडेपाच-सहानंतरची वेळ द्यावी. दुसरी चूक क्रमाची. अनेक घरांत हळदीकुंकू, ओटी, गप्पा असे सगळे आटोपल्यावर शेवटी पन्ह्याचा पेला हाती येतो. आलेल्या बाईला आधी माठातले पाणी आणि लगोलग पन्हे द्यावे, बाकीचे उपचार मागाहून सावकाश करावेत.

पन्हे नेमके कुठे बिघडते

सर्वांत जास्त बिघाड पन्ह्यात होतो, आणि त्याचे पहिले कारण बाजारातच घडते. चैत्राच्या आरंभी मिळणारी कैरी लहान, कोवळ्या कोयीची, अतिशय आंबट आणि कमी गराची असते, तर अक्षय्य तृतीयेच्या सुमाराची कैरी मोठी, भरपूर गराची आणि आंबटपणात थोडी उतरलेली असते. त्यामुळे गेल्या वर्षी महिनाअखेरीस केलेल्या पन्ह्याचे प्रमाण या वर्षी महिन्याच्या सुरुवातीला जसेच्या तसे वापरले, तर पन्हे दातांना झोंबते, आणि मग ऐन वेळी त्यात साखर ओतत बसावे लागते. शिवाय पाडाला आलेली, दाबल्यावर किंचित मऊ लागणारी कैरी पन्ह्यासाठी घेऊच नये. तिचा गर पिवळसर आणि गोडसर असतो व पन्ह्याला हवी ती आंबट धार त्यातून मिळत नाही. कैरी कडक, हिरवीगार आणि हाताला जड लागणारी घ्यावी.

दुसरे कारण म्हणजे चीक. देठाजवळचा चीक गेला नाही तर घसा खवखवतो, आणि दोष मात्र बर्फाला दिला जातो. देठाकडची चकती कापून कैऱ्या अर्धा-पाऊण तास पाण्यात ठेवाव्यात, ते पाणी फेकून द्यावे आणि कैऱ्या चोळून धुवाव्यात.

कैऱ्या उकडताना त्या कुकरच्या पाण्यात थेट टाकल्या जातात. तिथे त्या फुटतात, गर पाण्यात उतरतो आणि हाती उरतात साले व कोयी. कैऱ्या डब्यात कोरड्याच ठेवून, पाणी फक्त डब्याबाहेर घालून दोन-तीन शिट्ट्या कराव्यात. कैऱ्या निवल्यावर साल सोडवून घ्यावी आणि गर स्टीलच्या चाळणीवर हाताने घोटून खाली उतरवावा. चाळणीवर राहिलेले दोरे निग्रहाने टाकून द्यावेत, कारण मिक्सरमधून फिरवले की तेच दोरे बारीक होऊन पन्ह्यात विखुरतात आणि प्रत्येक घोटाला जिभेला लागतात. साधारण एक किलो मध्यम कैऱ्यांचा अडीच-तीन वाट्या गर निघतो.

एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या किसलेला गूळ हे सुरुवातीचे माप आहे, अंतिम माप जीभच ठरवील. गूळ साधा घ्यावा, चिक्कीचा घेऊ नये. गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, कारण चांगल्या गुळातही उसाची चिपाडे आणि बारीक कचरा असतो, आणि तो पेल्याच्या तळाशी दिसला की पिणाऱ्याचे मन पन्ह्यावरून उडते. गाळलेला गूळ आणि गर मंद आचेवर एकजीव होईपर्यंत ढवळावे, पूर्ण निवू द्यावे आणि मगच वेलदोड्याची पूड घालावी. गरम मिश्रणात घातलेल्या वेलचीचा वास वाफेबरोबर निघून जातो. केशर घालायचे असेल तर ते चमचाभर कोमट पाण्यात आधी खलून ठेवावे, थंडगार पन्ह्यावर टाकलेल्या काड्या नुसत्या तरंगत राहतात.

आता मिठाविषयी. पन्हे सपक लागले की बहुतेक जण गूळ वाढवतात, तरीही सपकपणा जात नाही, कारण कमी पडलेले असते ते मीठ. चिमूटभर मिठाने आंबट आणि गोड दोन्ही चवी उठून येतात. घामावाटे मीठ शरीराबाहेर जात असल्याने उन्हाळ्याच्या पेयात ते असणे योग्यही आहे.

गूळ घालून तयार केलेल्या गराला चौपट ते पाचपट पाणी लागते. तीस बायका येणार असतील आणि पेला दीडशे मिलीलीटरचा असेल, तर साडेचार लीटर पन्हे एकेका पेल्यातच संपते. दुसरा पेला मागणाऱ्या निम्म्याहून अधिक असतात, हे ध्यानात घेऊन सहा-सात लीटरची तयारी ठेवावी. त्यासाठी गूळ घालण्यापूर्वीचा अडीच-तीन वाट्या गर पुरतो. मात्र सगळे पन्हे सकाळीच पाणी घालून ठेवू नये. गर फ्रीजमध्ये वेगळा ठेवावा आणि पाहुण्या येतील तसे एकेक भांडे कालवावे. आयत्या वेळी बर्फाचे खडे पेल्यात टाकले की पाच मिनिटांत पन्हे पाणचट होते, यावर उपाय सोपा आहे: थोडे पन्हेच आदल्या रात्री बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवावे. बाहेरून लादीचा बर्फ आणलाच तर तो भांड्याच्या बाहेरून लावावा. तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही, म्हणून पन्ह्यात घालू नये.

भांडी, माठ आणि वाळा

आरास पारंपरिक दिसावी म्हणून माळ्यावरचा पितळेचा हंडा किंवा तांब्याची घागर काढून त्यात पन्हे ठेवण्याची हौस अलीकडे वाढली आहे. ही चूक केवळ चवीपुरती नाही. कैरीच्या आंबटपणाने कल्हई नसलेल्या पितळेचा आणि तांब्याचा अंश पेयात उतरतो, पन्हे कळकते आणि पिणाऱ्यांना मळमळू शकते. ॲल्युमिनियमच्या पातेल्याचेही तेच. स्टील, काच, चिनी माती किंवा ताजी कल्हई केलेले भांडेच वापरावे. कोकम सरबत केले तरी हाच नियम पाळावा.

माठातले पाणी गार होत नाही, अशी तक्रार कोकणपट्टीत हमखास ऐकू येते. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी हवेत उडून जाताना आतली उष्णता घेऊन जाते. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत पाणी सावकाश उडते म्हणून माठ थोडाच गार करतो, तर विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तोच माठ कमाल दाखवतो. म्हणून दमट गावी माठ कोपऱ्यात न ठेवता खिडकीच्या वाऱ्यावर, तिवईवर ठेवावा आणि बाहेरून ओले फडके गुंडाळावे. माठ साबणाने घासणे किंवा बाहेरून ऑइलपेंटने रंगवणे म्हणजे त्याची छिद्रे बुजवणे होय. रंगवलेला, आरशांचे तुकडे लावलेला माठ आरासीत सुंदर दिसतो, पण पाणी गार करण्याच्या कामाचा तो राहत नाही.

पाण्यात वाळा घालताना त्याची जुडी सुटी टाकली की मुळांना चिकटलेली माती तळाशी बसते. वाळा तीन-चार पाण्यांत, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावा, मलमलच्या कपड्यात पुरचुंडी बांधून काही तास माठात ठेवावा आणि नंतर काढून उन्हात कडकडीत वाळवावा. दिवसेंदिवस पाण्यातच राहिलेला वाळा बुळबुळीत होतो व पाण्याला सुगंधाऐवजी कुबट वास येतो. आलेल्यांपैकी कोणाला मधुमेह असू शकतो, तेव्हा गोड नसलेले ताजे ताक किंवा हे वाळ्याचे पाणी न विचारता समोर ठेवावे.

डाळ आणि हरभरे

आंब्याची डाळ पाणी सुटून गिचका होते, त्याचे कारण बहुधा निथळण्यात असते. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून चाळणीत निदान अर्धा तास निथळावी आणि पाण्याचा थेंबही न घालता भरड वाटावी. मिठाने कैरीचा कीस पाणी सोडतो, म्हणून कीस, मीठ आणि ओले खोबरे वाढण्याच्या तासभर आधी घालावे. हिंग-मोहरीची फोडणी निववून घालावी. कडकडीत फोडणीने डाळीचा ताजेपणा जातो.

ही डाळ कच्ची असते, त्यात खोबरेही असते, त्यामुळे उन्हाळ्यात ती भराभर आंबते. बाहेरचे तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर असताना असे पदार्थ तासापेक्षा जास्त वेळ उघड्यावर राहू नयेत, आणि आपल्याकडे त्या दिवसांत घरातही तेवढे तापमान सहज असते. तीच गोष्ट भिजवलेल्या हरभऱ्यांची. थंडीच्या हिशेबाने ते आदल्या दिवशी सकाळीच भिजत घातले तर दुसऱ्या संध्याकाळपर्यंत फेस येतो. रात्री भिजवावेत, सकाळी पाणी काढून टाकावे, स्वच्छ धुवून कोरड्या कापडावर पसरावेत आणि मग झाकून फ्रीजमध्ये ठेवावेत.

आरास: दाखवायचे वेगळे, वाटायचे वेगळे

पायऱ्यांच्या आरासीत कलिंगडाचे कमळ, कापलेली फळे आणि डाळीची मूद दुपारपासून दिव्यांच्या उजेडात मांडून ठेवतात आणि रात्री तेच सगळ्यांना वाटतात. मला ही सवय सर्वांत घातक वाटते. आरासीत अखंड फळे, बत्तासे, कोरडा फराळ, लाकडी खेळणी आणि अंकुरलेल्या गव्हाच्या परड्या ठेवाव्यात, कमळ हवेच असेल तर पाहुण्या येण्याच्या अर्धा तास आधी कापावे, आणि वाटायच्या फोडी फ्रीजमधून आणाव्यात. मुंग्यांची तक्रार असेल तर चौरंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची जुनी रीत आजही उत्तम चालते.

समई विझू नये म्हणून पंखे बंद केले जातात आणि वीसएक बायका भर एप्रिलमध्ये पदराने वारा घेत बसतात, हे दृश्य घरोघर दिसते. गौर पंख्याच्या थेट वाऱ्याबाहेरच्या कोपऱ्यात बसवावी, दिव्याला काचेचे आवरण द्यावे आणि पंखा चालूच ठेवावा. मागे पडदा म्हणून लावलेली जरीची साडी किंवा ओढणी समईपासून हातभर तरी दूर असावी. सिंथेटिक कापड वाऱ्याने ज्योतीवर आले तर क्षणात पेटते.

थर्माकोलची मखरे अजूनही काही घरांत माळ्यावरून निघतात. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायचे प्लास्टिकचे पेलेही बंद झाले आहेत. पन्हे स्टीलच्या फुलपात्रातून द्यावे, नाहीतरी त्यातूनच ते अधिक गार लागते.

मोगऱ्यावर वारंवार पाणी शिंपडल्याने तो टिकतो हा समज चुकीचा आहे, ओल्या पाकळ्यांवर तपकिरी डाग पडतात. गजरे केळीच्या पानात गुंडाळून, वरून ओले फडके घालून ठेवावेत आणि देताना काढावेत.

चैत्रांगणाची रांगोळी गुळगुळीत टाइल्सवर घसरते आणि वाऱ्याने पुसते. टाइल्सवर गेरूही धरत नाही. एखादा लाकडी पाट किंवा प्लायवुडचा तुकडा गेरूने सारवून पूर्ण वाळवावा आणि त्यावर रांगोळी काढावी. जागा अपुरी पडू नये म्हणून आधी मधोमध झोपाळ्यातील गौर काढावी, मग सूर्य-चंद्र, तुळस, शंख-चक्र, गोपद्मे, हत्ती, कासव असे बाहेरच्या बाजूला जात राहावे.

आमंत्रण कोणाला

ज्या चुकीवर बोलणे टाळले जाते तीही येथे सांगितली पाहिजे. विधवा शेजारणीला, एकट्या राहणाऱ्या मैत्रिणीला, घरकामाला येणाऱ्या बाईला वगळून केलेले हळदीकुंकू कितीही देखणे असले तरी मला ते अपुरेच वाटते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य शासनानेही तसे आवाहन केले. गौर माहेरपणाला आलेली असते, तेव्हा त्या घराचे दार कोणत्याही लेकीला बंद असण्याचे कारण नाही. बोलावताना ‘पन्हे प्यायला ये’ इतकेच म्हणावे आणि आल्यावर कोणालाही वेगळे काढू नये.

उरलेला पन्ह्याचा गर पाणी न घालता काचेच्या कोरड्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवला तर आठवडाभर निश्चित चांगला राहतो, फक्त दर वेळी कोरडाच चमचा घालावा. उरलेल्या डाळीचा मोह मात्र धरू नये. हरभरे त्याच रात्री फ्रीजमध्ये ठेवून सकाळी उसळ करावी, आणि हाताला ते चिकट लागले तर टाकून द्यावेत.