सीव्हीतली रक्तगटाची ओळ

माझा पहिला सीव्ही कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार झाला. दुकानदाराकडे साचा होता. नाव आणि मार्क बदलले की तीस रुपयांत कागद हातात. वर उजवीकडे पासपोर्ट फोटो, खाली वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती, रक्तगट, छंद म्हणून वाचन आणि गाणी ऐकणे. तळाशी 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे', स्थळ, दिनांक, सही. उंची तेवढी घातली असती तर आत्याने तोच कागद वधूवर सूचक मंडळात नेऊन दिला असता.

मी तो स्कॅन करून उन्हाळी इंटर्नशिपसाठी एका शास्त्रज्ञांना पाठवला. उत्तर आलं नाही. बॉटनीच्या मॅडमना दाखवला तेव्हा त्यांनी लाल पेनाने पहिलं वर्तुळ रक्तगटाभोवती काढलं. "रक्त द्यायला चाललीयस का तिथे?"

आता एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि दर दिवाळीनंतर एफवाय-एसवायची मुलं माझा सीव्ही मागतात. विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप, टीआयएफआर, आयुका, आयसर या विज्ञान संस्था, सगळ्यांच्या उन्हाळी कार्यक्रमांची धावपळ हिवाळ्यातच सुरू होते. माझा सीव्ही देऊन उपयोग नसतो. त्यात नाव बदललं की पुन्हा झेरॉक्सवाल्याचा साचाच. म्हणून हे लिहून ठेवतेय.

नोकरीचा रेझ्युमे एका पानात आवरायचा असतो. शैक्षणिक सीव्ही वर्षागणिक वाढत जातो. प्राध्यापकांचे वीस-वीस पानांचे असतात. बीएस्सीच्या मुलाचा दीड पान झाला तरी भरपूर. फोटो, धर्म, लग्न झालंय की नाही, सगळं काढा. नाव, ईमेल, फोन, कॉलेज आणि विद्यापीठ, बास. ईमेलही जरा बघा. माझ्या जुन्या पत्त्यात 'क्वीन' होतं, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

नावाची गंमत आपल्याकडे वेगळीच. मार्कशीटवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. मी आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं मार्कशीटबरहुकूम लिहिलं, तर दक्षिणेतल्या एका संस्थेतून वडिलांच्या नावाआधी 'मिस' लावून उत्तर आलं. तेव्हापासून आधी नाव, शेवटी आडनाव, आणि सगळीकडे तसंच. पुढे कधी पोस्टर किंवा पेपर झाला तर त्यावरही हेच नाव जाणार, म्हणून आत्ताच ठरवून टाका.

शिक्षण उलट्या क्रमाने लिहायचं: चालू पदवी वर, बारावी त्याखाली, दहावी शेवटी. सीजीपीए लिहिला की १० पैकी हेही लिहा. एटीकेटीबद्दल सगळे कुजबुजत विचारतात. मला दुसऱ्या सेमिस्टरला केमिस्ट्रीत लागली होती. सीव्हीत प्रत्येक सेमिस्टर मांडायची गरज नाही, एकूण सीजीपीए खरा लिहा. अर्जात बॅकलॉगचा रकाना असेल तर तिथे मात्र खरंच सांगा, कारण मार्कशीट शेवटी त्यांच्या हातात जातेच.

खरा वेळ द्यायचा तो प्रोजेक्टला. माझ्या पहिल्या सीव्हीत एवढंच होतं: 'तणांवर प्रोजेक्ट केला.' मॅडमनी विचारलं, कुठली तणं, कुठे, किती दिवस, मोजलं कशाने? मी सातारा-कास रस्त्याच्या कडेची तणं बघत होते: घाणेरी, रानमोडी, गाजरगवत. कास पठार २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक. लोक पठारावरची फुलं बघायला जातात. मला त्या रस्त्याने वर काय काय चढतंय ते बघायचं होतं. नळफिटिंगवाल्या काकांकडून पीव्हीसी पाईप घेऊन एक मीटर बाय एक मीटरची चौकट केली, यवतेश्वरपासून वर तीन ठिकाणी टाकत गेले, चौकटीत काय उगवलंय ते मोजलं. ऑगस्ट ते ऑक्टोबर, दर रविवारी, पहिल्या एसटीने.

हे सगळं एका ओळीच्या आत गिळून बसले होते. नव्या सीव्हीत चार ओळी झाल्या: शीर्षक, मार्गदर्शक, कालावधी, ६० चौकटींची पाहणी, तीन ठिकाणं, वनस्पती स्वतः ओळखल्या, हर्बेरियमचे (वाळवून कागदावर लावलेले) नमुने कॉलेजात जमा, नोंदी एक्सेलमध्ये, रस्त्यापासूनच्या अंतराप्रमाणे घनतेची तुलना. 'सखोल अभ्यास', 'महत्त्वपूर्ण योगदान' असले शब्द मॅडमनी खोडले. आकडा आला की विशेषण आपोआप गळतं. आणि वनस्पतीचं शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरात, त्यातल्या दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर लहान. बॉटनीच्या माणसाला हे चुकलेलं लांबून दिसतं, आणि ते दिसल्यावर तो पुढचं वाचत नाही असा माझा संशय आहे.

कौशल्यांच्या रकान्यात मी तोंडावर आपटले. दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेले होते, म्हणून 'पीसीआर' (डीएनएच्या प्रती वाढवायचं तंत्र) लिहून टाकलं. ऑनलाइन मुलाखतीत पहिलाच प्रश्न त्यावर. डीएनएच्या साखळ्या सुट्या करायला ९४-९५ अंश लागतात हे पाठ होतं, सांगितलं. मग विचारलं, मिश्रण स्वतः केलंस का? मी म्हटलं, बघितलंय. पलीकडच्या बाईंनी मान हलवली आणि दोन मिनिटांत मुलाखत संपली. आता मी दोन वेगळ्या ओळी लिहिते: 'स्वतः केलेलं' आणि 'प्रात्यक्षिक पाहिलेलं'. दुसरी ओळ लिहायला लाज वाटते, पण लिहिल्यावर झोप चांगली लागते.

प्रमाणपत्रांचं काय? लॉकडाऊनमध्ये गूगल फॉर्मवरची प्रश्नमंजूषा सोडवली की ई-प्रमाणपत्र मेलवर यायचं. माझ्याकडे सत्तावीस साठली होती, त्यातलं एक जागतिक हात धुणे दिनाचं. सगळी गेली. एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचा ऑनलाइन) कोर्स केंद्रावर जाऊन परीक्षा देऊन केला असेल तर ठेवा, आठवड्यांसकट. आविष्कारला, म्हणजे विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला, जिल्हास्तरापर्यंत गेलात तर 'जिल्हास्तर, सहभाग' असं लिहा. नुसतं 'आविष्कार संशोधन महोत्सव' लिहून वाचणाऱ्याला राज्यस्तर वाटू देऊ नका. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात श्रमदान केलं असेल तर शेवटी एक ओळ पुरे. पण त्याच शिबिरात गावची झाडं मोजली असतील तर ती ओळ वर सरकवा, ते तुमच्या विषयाचं काम आहे. 'भाषा: मराठी' कापू नका. फिल्डवर गुराख्यांशी बोलता येणं हे काही संस्थांना हवंच असतं.

पैसे घेऊन चार दिवसांत पेपर छापणाऱ्या जर्नलांचे मेल तुम्हालाही येतील. माझ्या एका मित्राने एसवायलाच तीन 'आंतरराष्ट्रीय' पेपर केले. माझं मत विचाराल तर अशा तीन पेपरांपेक्षा 'प्रकाशनं' हा मथळाच नसलेला सीव्ही बरा. बीएस्सीच्या मुलाकडून प्रकाशनाची कुणी वाट बघत नाही.

शिफारस देणाऱ्यांची नावं खाली येतात, दोन पुरेत. पण आधी विचारा. मी न विचारता एका सरांचं नाव टाकलं, त्यांना थेट मेल गेला, आणि स्टाफरूममध्ये त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, ही कोण? चूक माझीच, त्यांच्या वर्गात मी शेवटच्या बाकावर बसायचे. ज्यांनी तुमचं काम जवळून पाहिलंय त्यांनाच सांगा, मग ते नुकतेच लागलेले सीएचबीवरचे (तासांवर पगार घेणारे) सर का असेनात, आणि पत्राला निदान पंधरा दिवस द्या.

फाईल पीडीएफच पाठवा, नावात स्वतःचं नाव ठेवा. 'सीव्ही फायनल नवा २' माझ्याकडे होता. मेलमध्ये पाच-सहा ओळी: कोण, काय केलंय, त्यांच्या कामातलं नेमकं काय वाचलं, कुठले दोन महिने मोकळी आहे. मी पंधरा मेल टाकले, उत्तरं दोन आली. एक 'जागा नाही'. दुसऱ्या सरांनी फोनवर मार्कांबद्दल काहीच विचारलं नाही. चौकट कोणी बनवली, उतारावर ती सपाट कशी ठेवली, पाऊस आला की वही कुठे ठेवायचीस, एवढंच. प्लॅस्टिकच्या पिशवीत, म्हटलं. ते म्हणाले, मे महिन्यात ये, पण वही वॉटरप्रूफ घेऊन ये.