भरलेली पिकअप आणि आंबा घाट: ॲव्हरेज आणि ताकद दोन्ही कशी मिळवली

आंब्याच्या सीझनला, म्हणजे मार्च ते मे, माझी बोलेरो पिकअप आठवड्यातून तीन वेळा रत्नागिरीहून कोल्हापूरला जाते. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा आणि मग आंबा घाट. हौद्यात पाच डझनी पेट्या, ऐंशीच्या आसपास, म्हणजे चौदा-पंधराशे किलो माल. येताना भाजी, गूळ, नाहीतर नुसते रिकामे क्रेट. गाडी २०१८ ची, बीएस-४ (धुराच्या सरकारी नियमांची तेव्हाची पायरी), अडीच लिटरचं कॉमन रेल इंजिन, म्हणजे डिझेल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. खाली जे लिहितोय ते सगळं याच गाडीवर केलेलं आहे.

२०२२ च्या सीझनला गाडीने घाटात मान टाकली. जिथे आधी थर्डवर आरामात चढायची तिथे सेकंड मागायला लागली, मागे काळा धूर, आणि ॲव्हरेज लिटरला १०.८ किलोमीटरवर आलं. त्याआधी एकाच्या सांगण्यावरून मी ताकद वाढवायला वायरिंगमध्ये लावायचा एक ट्यूनिंग बॉक्स घेतला होता. आठवडाभर गाडी पळाली, मग धूर वाढला आणि त्याच सीझनला क्लचप्लेट जळाली. पुढचा उपाय म्हणून रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून घ्यायचं ठरवून मी आमच्या फिटर काकांकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "ताकद इंजिनात आहे रे. चाकापर्यंत पोचत नाहीये. वाटेत कोण खातंय ते आधी शोधू."

गाडीत पैसे घालायच्या आधी हे शोधाच.

आधी वही

मीटरवर दिसणाऱ्या आकड्यावर किंवा अंदाजावर काही ठरवू नका. एकाच पंपावर, शक्यतो एकाच मशीनवर टाकी फुल करायची. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं, वरून ठासून भरायचं नाही. किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी तिथेच पुन्हा फुल करायचं, गेलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. एका भरण्यावर विश्वास नको, किमान तीन धरा. त्याच ओळीत माल किती होता तेही लिहा. वजनकाट्याची पावती मिळाली तर उत्तम. मी शेवटी एक रकाना ठेवलाय, 'काय बदललं'. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन कामं एकदम केली तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

वही कामाला कशी येते ते आकड्यात सांगतो. सीझनला माझे महिन्याला ३,३०० च्या आसपास किलोमीटर होतात. १०.८ ने ३०५ लिटर डिझेल लागायचं. आज १२.९ पडतं, म्हणजे २५६ लिटर. जवळपास ५० लिटरचा फरक. लिटरमागे ९० रुपये धरले तरी महिन्याचे साडेचार हजार होतात.

हवेची वाट

डिझेल इंजिनला ताकद हवेतून मिळते. जेवढी हवा आत जाईल तेवढंच डिझेल पूर्ण जळतं, उरलेलं काळा धूर होऊन बाहेर पडतं. टर्बो हवा दाबतो, दाबली की ती तापते, इंटरकूलर तिला गार करतो आणि मग ती इंजिनात शिरते. या वाटेवर कुठे फट असली की टर्बोने कमावलेली हवा रस्त्यावर जाते.

माझ्या गाडीत तेच झालं होतं. टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा रबरी पाइप वरून अगदी धडधाकट दिसत होता, त्यावर आपल्याकडची लाल धूळ सगळीकडे सारखी बसलेली. काकांनी टॉर्च धरून खालून बघितलं. क्लिपच्या शेजारी बोटभर रुंदीची जागा काळपट आणि ओली होती. बोट लावलं तर तेलकट. टर्बोमधून हवेबरोबर तेलाचा बारीक अंश येतच असतो, तो तिथून बाहेर येऊन धुळीत मुरला होता. पाइप दोन्ही हातांनी वाकवला तेव्हा तिथे ओठ उघडावेत तशी चीर उघडली. हात सोडला की पुन्हा बंद. उभ्या गाडीत हे दिसणारच नाही, लोडवर प्रेशर आलं की उघडणार. तेव्हा मला आठवलं, घाटात ॲक्सिलरेटर दाबला की फुस्स असा आवाज यायचा आणि मी तो टायरचा समजत होतो.

नवीन पाइप आणि दोन क्लिपा हजाराच्या आत आल्या. पुढच्या तीन भरण्यांत ॲव्हरेज ११.९ झालं आणि घाटात थर्ड परत आला. तुमच्या गाडीत काळा धूर आणि ताकद कमी अशी जोडी दिसली तर इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे नळ) खोलायच्या आधी हे पाइप वाकवून बघा. क्लिप नुसती आवळून भागत नाही, पाइप काढून आतून बघायचा.

दुसरा चोर एअर फिल्टर. जांभ्याच्या रस्त्यावर कंपनीच्या वेळापत्रकाची वाट बघू नका. चिऱ्याच्या खाणीवर फेऱ्या असतील तर दर आठवड्याला उघडून बघा. साफ करताना हवा नेहमी आतल्या बाजूने बाहेर मारायची, प्रेशर कमी ठेवून. बाहेरून मारली की धूळ कागदात आणखी रुतते. फार जोरात मारली तर कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात, मग लाल माती सरळ टर्बोच्या पंख्यावर जाते. मी दोनदा साफ करतो, तिसऱ्यांदा नवीन टाकतो. बाजारात मिळणारे उघडे कोन फिल्टर बॉनेटमधली तापलेली हवा ओढतात आणि आपल्या धुळीला पुरे पडत नाहीत. कंपनीचा बंद डबाच बरा, फक्त त्याच्या झाकणाचा रबर नीट बसलाय ना ते बघा.

ईजीआर व्हॉल्व्हला (जळालेल्या धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारी झडप) पत्रा लावून बंद करणारे पुष्कळ भेटतील. मी करत नाही आणि कुणाला सांगतही नाही. त्या गाडीचा धूर आपल्याच गावात, आपल्याच शाळेसमोर पसरतो. काजळी धरली असेल तर काढून साफ करून घ्या.

अडकलेली चाकं

हा माझा सगळ्यात आवडता भाग, कारण यात खर्च जवळजवळ नाहीच आणि लोक इथे बघतच नाहीत.

मलकापूरला चहाला थांबलो की मी चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू नेतो. रिमला हात लावायचा नाही, भाजतो, नुसता जवळ न्यायचा. घाट चढून आलेलं असताना ब्रेक फारसा वापरलेला नसतो, म्हणून चारही चाकं जवळपास सारखी हवीत. माझं पुढचं उजवं चाक दुरूनच गरम लागायचं. जॅकवर उचलून फिरवलं तर अर्धा फेरा होऊन थांबत होतं. डावं तीन फेरे फिरायचं. कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) पिना गंजून अडकल्या होत्या, ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासतच राहायचा. म्हणजे १३० किलोमीटर मी एक चाक ब्रेक दाबून ओढत होतो. समुद्राची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, आपल्याकडे हे होणारच. पिना काढून पॉलिश पेपरने घासायच्या आणि कॅलिपरचंच ग्रीस लावायचं. साधं ग्रीस लावलं की आतलं रबर फुगतं आणि पुन्हा तेच दुखणं. मागचे ड्रम उघडून लायनर आणि हँडब्रेकची केबल मोकळी आहे का तेही त्याच दिवशी बघून घ्या.

टायरची हवा सकाळी, गाडी चालायच्या आधी बघायची. किती भरायची ते गाडीवरच्या स्टिकरवर असतं, भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो तो धरा. अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का, ते बघायला टायरच्या कडेवरून तळहात आत-बाहेर फिरवा, बिघडली असेल तर एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागेल.

मोठे टायर टाकायचा मोह खूप जणांना होतो. टायरचा व्यास पाच टक्के वाढला की चाकाची ओढ पाच टक्के घटते, कारण तेवढे सगळेच गिअर लांब होतात. मीटरही पाच टक्के कमी किलोमीटर दाखवतं, त्यामुळे वहीतलं ॲव्हरेजही खोटं होतं. माल ओढणाऱ्या गाडीला कंपनीचाच साइज.

वजन आणि वारा

तीन टन वजन ५०० मीटर उंच चढवायचं तर इंजिनमध्ये वाया जाणारी उष्णता धरून साधारण सव्वा लिटर डिझेल लागतं. हा हिशोब कुठल्याही ट्यूनिंगने चुकत नाही. म्हणून फुकटचं वजन उतरवा. मी हौद्यातला जादा जाड पत्रा, पुढचं लोखंडी गार्ड आणि केबिनवरचा कॅरियर काढला. वजनकाट्यावर ९० किलो कमी भरले. गार्ड तर तसंही बेकायदाच आहे.

सपाट रस्त्यावर हिशोब वाऱ्याचा. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ६० वरून ८० ला गेलात की पावणेदोन पटीच्या वर. पिकअपचा चेहरा भिंतीसारखा, त्यामुळे आपल्याला हा फटका जास्त. मी भरलेली गाडी ६० ते ६५ वर ठेवतो. कोल्हापूरला दहा-पंधरा मिनिटं उशिरा पोचतो, बाजार तेवढ्याने चुकत नाही.

ताडपत्री फडफडली की तीही डिझेल खाते. आंबा मात्र घट्ट झाकून चालत नाही, वाफ धरून पेटी तापते. म्हणून मी पुढचा भाग आणि वरची बाजू दोरीने तबल्यासारखी ताणतो आणि मागच्या बाजूला नुसती जाळी. पेट्यांची थप्पी केबिनच्या टपाच्या वर जाऊ देत नाही. जड माल मागच्या ॲक्सलच्या पुढे. सगळं वजन मागे टाकलं की पुढचं चाक हलकं होतं आणि घाटाच्या वळणावर स्टेअरिंग ऐकत नाही.

मागच्या स्प्रिंगला जादा पाटे (पोलादी पट्ट्या) घालून दोन टन भरणारे आहेत. पाटा वजन झेलेल, पण ॲक्सल, ब्रेक आणि क्लच तेच राहतात. आरसी बुकातलं वजनही तेच राहतं. ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० आणखी.

घाटात पाय

या इंजिनची खरी ओढ १४०० ते २२०० आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाचे फेरे) मध्ये आहे. आरपीएमचा काटा नसेल तर कानाने ओळखा. इंजिन जड आवाजात गुरगुरायला आणि गिअरचा दांडा थरथरायला लागला म्हणजे तुम्ही खाली आलात. किंचाळायला लागलं की वर गेलात. वळण दिसलं की वळणाच्या आधी गिअर पाडा, म्हणजे खालचा टाका, वळणात शिरून पाडलात तर टर्बोचा दाब जातो आणि तो परत यायला पन्नास मीटर लागतात. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका, चढावर थांबलात तर हँडब्रेक.

उतारावर न्यूट्रल कधीही नाही. गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की कॉमन रेल इंजिन डिझेल पूर्ण बंद करतं, चाकंच इंजिनला फिरवतात. न्यूट्रलमध्ये आयडलिंगसाठी डिझेल जळतच राहतं. आणि दीड टन माल घेऊन आंबा घाट नुसत्या ब्रेकवर उतरणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. वर पोचल्यावर लगेच चावी फिरवू नका. मिनिटभर इंजिन चालू ठेवा, तापलेल्या टर्बोला तेल मिळू द्या.

रिमॅपबद्दल

रिमॅप जास्त डिझेल आणि जास्त दाब देऊन ताकद काढतो. ती पेलायला क्लच, गिअरबॉक्स आणि रेडिएटर मात्र जुनेच असतात. रिकाम्या गाडीत हे खपून जातं. मे महिन्याच्या उन्हात, भरलेल्या गाडीत, सेकंड गिअरवर तीन-चार किलोमीटर चढताना खपत नाही. वरची सगळी कामं केल्यावर मला त्याची गरज उरली नाही. बीएस-६ गाडी असेल तर तिथे डीपीएफ (सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर) असतो, तो कापून टाकणाऱ्यांपासून लांब राहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही, प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मागे हुक वेल्ड करून जनरेटरची ट्रॉली ओढायचा विचार करणाऱ्यांनाही तेच. ट्रॉली कायद्याने वेगळं वाहन आहे, तिची स्वतंत्र नोंदणी लागते. आणि बंपरच्या पत्र्यावर वेल्ड केलेला हुक पहिल्या चढाला उपटतो, तो चॅसीच्या दोन्ही रुळांना बोल्टने बांधलेला हवा. घाटात उतरताना ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर ती तुमच्या गाडीला मागून ढकलते.

आता पावसाच्या तोंडावर माझी दोन कामं बाकी आहेत. डिझेल फिल्टरच्या खालचा नट सैल करून पाणी काढायचं, पावसाळ्यात ते मी पंधरा दिवसांनी करतो, कारण पाण्याचा थेंब इंजेक्टरपर्यंत गेला की हजारांत बिल येतं. आणि पुढच्या दोन्ही कॅलिपरच्या पिना पुन्हा काढून बघायच्या. मागच्या आठवड्यात मलकापूरला पुढचं डावं चाक जरा कोमट लागलं.