फिफ्थ-व्हील ट्रेलरचा काटा करताना या चुका टाळा

साखर कारखान्यावर आधी भरलेल्या गाडीचा काटा होतो, मग रिकाम्या गाडीचा. वजाबाकी केली की उसाचे वजन हातात. पिकअपमागे फिफ्थ-व्हील ट्रेलर, म्हणजे चाकांवरचे घर, लावून अमेरिका-कॅनडात फिरणाऱ्यांचे एवढ्यावर भागत नाही. या ट्रेलरचे तोंड पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या हिचवर (जोडणीच्या बैठकीवर) टेकते आणि ट्रेलरच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पिकअपच्या मागच्या आक्सलवर येतो. त्यामुळे एकूण किती भरले यापेक्षा ते कुठल्या आक्सलवर किती उतरले, हे आधी बघायचे.

ओढण्याची क्षमता पाहून निश्चिंत होणे

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. पिकअपची ओढण्याची क्षमता 15,000 पौंड, ट्रेलर 12,000 चा, म्हणजे आरामात जमेल, असा हिशोब होतो. गाडी ओढेल, यात शंका नाही. पेलेल का, हा प्रश्न वेगळा. त्याचे उत्तर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असते. तिथला जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे पिकअप, इंधन, माणसे, सामान, हिच आणि ट्रेलरचा पिकअपवर येणारा भार, हे सगळे मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा. अनेक ‘पाऊणटनी’ डिझेल पिकअपमध्ये तो 10,000 पौंड, म्हणजे सुमारे 4,536 किलो असतो. गाडीच 7,300 च्या आसपास, चौघांचे कुटुंब 500, हिच 200. झाले 8,000. ट्रेलर जोडायच्या आधीच हातात फक्त 2,000 उरले.

मागून गाडी बसते म्हणून मागच्या स्प्रिंगांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या (एअरबॅग) लावणारे बरेच आहेत. त्याने गाडी सरळ दिसते, पण स्टिकरवरचा आकडा एका पौंडानेही वाढत नाही. आक्सल, चाके, टायर, ब्रेक तेच राहतात.

माहितीपत्रकातले ‘कोरडे’ वजन धरणे

कोरडे वजन म्हणजे पाणी नाही, गॅस नाही, आपले सामान नाही. बहुधा बॅटरीसुद्धा नाही. एक गॅलन पाणी 8.3 पौंडांचे, म्हणजे 60 गॅलनची टाकी भरली की 500 पौंड वाढले. त्यात आपला संसार: पिठाची पोती, कुकर, बिडाचा तवा, मिक्सर. काय भरले याइतकेच ते कुठे भरले हेही बघावे लागते. बेडरूमखालच्या पुढच्या कप्प्यात ठेवलेल्या वस्तूचा बराचसा भार पिकअपवर येतो. मागच्या स्वयंपाकघरात, ट्रेलरच्या चाकांच्याही मागे ठेवलेली वस्तू उलट पिनवरचा, म्हणजे हिचमध्ये अडकणाऱ्या ट्रेलरच्या खुंट्यावरचा (किंगपिनवरचा), भार हलका करते. म्हणून काटा करायचा तो प्रवासाला निघताना असते तशीच गाडी भरून, सगळी माणसे आत बसवून.

काट्यावर होणाऱ्या चुका

महामार्गालगतच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल कंपनीचा वजनकाटा असतो. त्यात सलग तीन प्लेट असतात: पहिलीवर पिकअपचा पुढचा आक्सल, दुसरीवर मागचा, तिसरीवर ट्रेलरचे सगळे आक्सल. एखादे चाक दोन प्लेटच्या सांध्यावर आले किंवा पिकअपचे दोन्ही आक्सल एकाच प्लेटवर आले, तर आकडे कामाचे राहत नाहीत. थांबल्यावर खाली उतरून एकदा नजर टाका. काट्यावरच्या माणसाशी बोलण्याचे बटण मोठ्या ट्रकच्या उंचीला लावलेले असते, त्यामुळे पिकअपमधून हात बहुधा पोहोचत नाही. कंपनीचे ॲप वापरले तर तो प्रश्नच येत नाही.

दुसरा काटा नुसत्या पिकअपचा. तो बरेच जण टाळतात आणि तिथेच सगळे फसते. ट्रेलर काट्यावर कधीही सोडू नका. बाजूच्या सपाट जागेत नेऊन आधी चाकांना अडण लावा, ट्रेलरचे पाय टेकवा, मग सोडा. 24 तासांच्या आत त्याच ठिकाणी फेरकाटा मागितला तर पहिल्यापेक्षा खूप कमी पैसे पडतात. पहिली पावती जवळ ठेवा. दोन्ही काट्यांना माणसे तीच आणि डिझेल तेवढेच हवे. मधे 34 गॅलनची टाकी भरलीत तर पिकअप सुमारे 240 पौंडांनी जड होईल आणि पिनवरचा भार तेवढाच कमी असल्याचा खोटा दिलासा मिळेल.

पावती चुकीची वाचणे

समजा, ट्रेलर जोडून आकडे आले: पुढचा आक्सल 4,740, मागचा 5,660, ट्रेलरचे आक्सल 9,200, एकूण 19,600. नुसत्या पिकअपचे आले: पुढचा 4,680, मागचा 3,320, एकूण 8,000.

तिसऱ्या प्लेटवरचे 9,200 हे ट्रेलरचे वजन नव्हे. ट्रेलरचे वजन 19,600 वजा 8,000, म्हणजे 11,600. पिनवरचा भार काढायला जोडलेल्या पिकअपचे 10,400 (4,740 अधिक 5,660) घ्या आणि त्यातून 8,000 वजा करा: 2,400. ट्रेलरच्या वजनाच्या हे जवळपास 21 टक्के होतात, म्हणजे 15 ते 25 टक्क्यांच्या नेहमीच्या पट्ट्यात. ओढण्याची मर्यादाही लांब आहे. तरी पिकअप 10,400 वर गेली आणि जीव्हीडब्ल्यूआर 400 पौंडांनी ओलांडला. ही गोष्ट दुसऱ्या कुठल्याच आकड्यातून दिसली नसती.

याच पावतीत आणखी एक गोष्ट आहे. ट्रेलर जोडल्यावर पुढच्या आक्सलवर 60 पौंड वाढले. 2,400 चा हा चाळिसावा भाग. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर 160 इंच असेल, तर किंगपिन मागच्या आक्सलच्या चार इंच पुढे आहे. हे बरोबर. पुढच्या आक्सलचे वजन जोडल्यावर घटले, तर पिन आक्सलच्या मागे पडते आहे आणि स्टिअरिंग हलके होणार. छोट्या हौद्याच्या पिकअपमध्ये याचे कारण अनेकदा एकच असते: वळणासाठी मागे सरकवलेले स्लायडर हिच पुन्हा पुढे आणून लॉक केलेले नसते.

आकडा जास्त आला तर

पिकअपवर जास्त आले तर आधी हौद्यातली हत्यारांची पेटी, जादा डिझेलची टाकी, सरपण उतरवा. हे सगळे पुरेपूर पिकअपच्याच माथी असते. मग ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यातले जड सामान चाकांच्या जवळ न्या. पाण्याची टाकी चाकांच्या पुढे असेल तर रिकामी करून निघा. मागे असेल तर रिकामी केल्याने पिनवरचा भार उलट वाढेल, म्हणून टाकीची जागा आधी शोधा. भार कमी करायच्या नादात सगळे शेवटच्या टोकाला ढकलू नका. पिन 15 टक्क्यांच्या खाली गेली की ट्रेलर डोलू लागतो. ही हलवाहलव करूनही 400-500 पौंड जास्तच राहत असतील, तर आमच्या मते पिकअप बदलण्याचा किंवा लहान ट्रेलर घेण्याचा विचार करावा.

ट्रेलरच्या आक्सलचा आकडा त्यांच्या जीएडब्ल्यूआरशी, म्हणजे आक्सलला चालणाऱ्या कमाल वजनाशी, ताडून बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. स्लाइड-आउट (बाहेर सरकवून खोली रुंद करायचा भाग), फ्रिज आणि कपाटे एकाच बाजूला असली तर डावे-उजवे वजन बरेच वेगळे निघते आणि कॅट स्केलवर ते कळत नाही. चाकागणिक वजन करायची सोय अशा चाकांवरच्या घरांतून फिरणाऱ्यांच्या एस्केपीज आरव्ही क्लबकडे आहे, टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टनला आणि इतरही काही ठिकाणी. आकडे हातात आले की सगळ्यात जड चाक धरा आणि टायरच्या भार-तक्त्याशी लावून बघा. उदाहरणार्थ, एसटी 235/80 आर16 मापाचा लोड रेंज ई टायर 80 पीएसआयला साधारण 3,420 पौंड पेलतो. 80 चा हा आकडा थंड टायरच्या हवेचा आहे. तासभर चालवून तापलेल्या टायरची हवा मोजून ती कमी करणे ही घोडचूक.

लायसन्सचा हिशोब मात्र काट्यावरून होत नाही. कॅलिफोर्नियात फिफ्थ-व्हीलच्या पाटीवरचा जीव्हीडब्ल्यूआर 10,000 पौंडांच्या वर असेल तर साध्या लायसन्सवर वेगळी परवानगी घ्यावी लागते आणि 15,000 च्या वर असेल तर बिगरव्यावसायिक क्लास ए लायसन्स लागते. काट्यावर त्या दिवशी कितीही कमी भरले तरी पाटीवरचा आकडाच धरला जातो.