रस्सा गार आला, वेटर गायब झाला: हॉटेलात तक्रार कशी करायची

रविवारी दुपारी एकला कोल्हापुरात कुठल्याबी मटणाच्या हॉटेलात जावा, बाहेर वहीत नाव लिहून ताटकळलेली माणसं, आत जेवणाऱ्याच्या खुर्चीमागं उभी राहून त्याच्या ताटात किती भात उरलाय ते बघणारी पुढची फॅमिली, आणि एवढ्या सगळ्यात चार पोरं अख्खा हॉल सांभाळतायत. अशा वेळी सर्व्हिस थोडीफार घसरणारच. म्हणून तोंड उघडायच्या आधी आजूबाजूच्या टेबलांवर एक नजर टाका. सगळ्यांनाच उशीर होत असेल तर आत भाकरीला वेळ लागतोय, वेटरवर ओरडून ती लवकर भाजत नाही. पण तुमच्या मागनं आलेल्यांची ताटं लागली आणि तुम्ही अजून कांदा-लिंबूच खाताय, तर ऑर्डर आत गेलेलीच नाही असं धरा आणि लगेच विचारा. "किती वेळ झाला ओ" असं विचारलं की "आलंच साहेब" एवढंच उत्तर मिळतंय. त्यापेक्षा "दादा, आमची ऑर्डर आत लिहिलीय का बघून सांगा" म्हणा, मग पोरगं खरंच आत जाऊन बघतंय.

निम्मी भांडणं तर ऑर्डर देतानाच टाळता येतात. बोर्डावर 'अनलिमिटेड' लिहिलंय म्हणजे नक्की काय? तांबडा-पांढरा रस्सा तर बहुतेक ठिकाणी परत परत वाढतात, पण भाकरी, अळणी (मटणाचं बिनतिखट पाणी), भात, सोलकढी यातलं काय ताटात धरलंय आणि कशाचे पैसे वेगळे लागणार ते प्रत्येक ठिकाणी वेगळं, आणि सुक्कं मटण तर परत मागितलं की प्लेटचे पैसे लागणारच. मिसळीच्या दुकानातपण तसंच, कट, म्हणजे मिसळीवरचा तिखट रस्सा, कितीदा मिळतोय आणि जादा ब्रेडचे पैसे किती हे आधी विचारायला लाजायचं काय त्यात. पाहुणे घेऊन गेला असाल तर नक्की विचारा, नाहीतर बिल आल्यावर पाहुण्यांदेखत घासाघीस करायची वेळ येते. आणि वेळेचं भान ठेवा. दुपारी पावणेतीनला जाऊन "रस्सा तळातला दिला" म्हणून कुणाला धरणार? बुधवार-रविवार मटणाचे वार, नवरात्रात आणि सुट्ट्यांत देवदर्शनाला आलेली गर्दी, त्या दिवसांत साडेबाराच्या आत नाहीतर संध्याकाळी लवकर टेबल धरा.

आता खरोखरच चूक झालीय असं समजू. आपल्याकडं माणसं दोनच प्रकारची बघितलीत मी. एक जण गप गुमान गार रस्सा भुरकतोय, "कसं होतं जेवण" विचारल्यावर "छान छान" म्हणतोय आणि बाहेर गाडी काढताना शिव्या देतोय. दुसरा पहिल्या मिनिटालाच "मालक कुठाय, बोलव त्याला, मला वळखत नाहीस काय" करून खिशातनं फोन काढतोय, कुठल्यातरी नगरसेवकाला लावायला. पहिल्याला काहीच मिळत नाही आणि दुसऱ्याला मिळतंय ते फक्त लवकर बाहेर काढायसाठी.

चूक दिसली की खाणं थांबवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. अर्धं ताट संपवून मटण शिजलं नव्हतं म्हणालात तर मालक तुमच्या ताटातल्या हाडांकडं बघणार, आणि त्याचं बरोबरच आहे की. दोन घासात कळतंय, तेव्हाच हात वर करा आणि काय चुकलंय, तुम्हाला काय पाहिजे, एवढंच बोला. "दादा, रस्सा गार आहे, वाटी बदलून गरम आणा." "मटण चिवट आहे, ही प्लेट परत घ्या आणि बिलातनं काढा." कशाला लांबण लावायची? वेटरच्या हातात गरम करून आणणं, बदलून आणणं एवढंच असतंय, पैसे कमी करायचा अधिकार त्याला नसतोय, म्हणून पैशाचं बोलणं थेट गल्ल्यावर जाऊन करा आणि हळू आवाजात करा. चारचौघांत आवाज चढवला की मालकाचा इगो मधी येतोय, मग विषय मटणाचा राहत नाही. मी तर वर एक वाक्य जोडतो, "पोराच्या पगारातनं कापू नका हां". कारण काही मालक ते करतात, आणि भांडीवाल्या-वाढप्याच्या खिशातनं आलेली सूट मला पचत नाही.

घरगुती खानावळ असेल तर आणखी मऊ. तिथं मावशीच रांधणार, मावशीच वाढणार, गल्लापण तिचाच. "मावशी, आज मीठ जास्त पडलंय बघा" एवढ्यानं काम होतंय, कधी कधी तर न मागता अंड्याची वाटी समोर येते.

केस, झुरळ, आंबलेला वास असलं काही निघालं तर मात्र मऊपणा बाजूला ठेवा. ताट उचलू देऊ नका, आधी फोटो काढा, मग मालकाला बोलवा, आणि पैसे दिले असले तर बिल मागून घ्या. बिलावर चौदा आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याचा नंबर, असला पाहिजे, १ जानेवारी २०२२ पासून ते सक्तीचं आहे. तोच नंबर देऊन अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करता येते, एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' वरनं ऑनलाइनपण होते.

आता बिल. एसी फॅमिली हॉटेलात खाली बारीक अक्षरात 'सर्व्हिस चार्ज' दिसला तर थांबा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सूचना काढल्या की हा चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही, दुसऱ्या नावानंपण नाही, आणि गिऱ्हाईक नको म्हणालं तर सक्ती करायची नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, पण २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टानं सूचना कायम ठेवल्या. पैशात सांगायचं तर चार ताटांचे १६०० झाले, त्यावर दहा टक्के चार्ज १६०, मग या १७६० वर पाच टक्के जीएसटी ८८, म्हणजे १८४८. चार्ज काढला की १६८०. सर्व्हिस बेकार मिळाल्यावर वर १६८ रुपये सर्व्हिसचेच द्यायचे होय? "हा काढून नवीन बिल द्या" म्हणायचं, बस.

जीएसटीत मात्र वाद घालू नका, तो साध्या हॉटेलात पाच टक्के असतोय, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. फक्त बिलावर जीएसटी नंबर छापलाय का बघा. नंबरच नसेल, किंवा हॉटेल कंपोझिशन स्कीममध्ये (छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठरलेला टॅक्स स्वतःच्या खिशातनं भरायची सोय) असेल, तर गिऱ्हाइकाकडनं टॅक्स घेता येत नाही. आणि पाण्याच्या बाटलीवरनं भांडणारे लई भेटतात, त्यांच्यासाठी: टेबलावर बसून घेतलेल्या बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त लावायला सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्येच हॉटेलांना मोकळीक दिलीय. तेव्हा बसल्या बसल्या "साधं पाणी आणा" म्हणा आणि विषय संपवा.

गल्ल्यावर ऐकलंच नाही तर पैसे भरा, बिल ठेवा आणि बाहेर येऊन १९१५ ला फोन लावा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पुढं जिल्हा ग्राहक आयोग आहेच, दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, पाच लाखांपर्यंत फी नाही आणि वकील लागतोच असं पण नाही. पण गार रस्स्यासाठी तारखा घालायच्या का ते तुमचं तुम्ही ठरवा, मी तरी घालणार नाही, विषबाधा झाली किंवा दणकून फसवलं तर गोष्ट वेगळी.

ऑनलाइन रिव्ह्यू टाकायचा तर वार, वेळ, काय मागवलं, काय आलं आणि सांगितल्यावर काय केलं एवढं लिहा. रविवारी तासभर थांबावं लागलं म्हणून एक स्टार देऊ नका, तो रविवारचा दोष. आणि "पैसे परत द्या नाहीतर रिव्ह्यू टाकतो" हे तर बोलूच नका, ती तक्रार राहत नाही, दमदाटी होते.

टीप? पोरगं पळत होतं आणि रस्साच बिघडलेला, तर टीप त्याला पूर्ण द्या. पोरगंच मोबाईलात तोंड घालून उभं होतं तर देऊ नका, कारण विचारलं तर तेपण सांगा. आणि द्यायची तर रोख त्याच्या हातात, गल्ल्यावरच्या क्यूआरवर टाकलेली थेट मालकाच्या खात्यात जाते.