नवी म्हणून जुनी गाडी गळ्यात मारली तर काय करायचं

शोरूममधून घेतली म्हणजे गाडी नवीच असणार असं धरून चालू नका. गोव्यातली एक केस पार सुप्रीम कोर्टात गेली होती, गिऱ्हाइकाने पैसे भरले 2011 च्या गाडीचे आणि हातात आली 2009 ची, तीही 622 किलोमीटर चाललेली. 2021 ला निकाल लागला, पण जबाबदार धरलं ते डीलरला, कंपनी सुटली, कारण यात कंपनीचा नेमका काय हात होता हे तक्रारीत नीट मांडलंच नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाचं काम पासिंगच्या आधीचं. पूर्ण पैसे भरण्याआधी यार्डात जाऊन तुमच्या नावावर लावलेली तीच गाडी बघा, दिवसाउजेडी. सेल सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म 21, त्यावर गाडी बनल्याचा महिना आणि साल असतं, ते मागाच आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, 3523 असेल तर 2023 सालचा 35 वा आठवडा, म्हणजे गाडी 2025 ची सांगतायत आणि पाचही टायर 2023 चे निघाले तर तिथेच थांबा. मीटरचा फोटो काढा. सेल्समन तोंडी जे जे बोलला ते त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून "बरोबर ना?" असं विचारून ठेवा, तो "हो सर" म्हणाला की पुरावा झाला.

तरी फसवलंच तर घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असं स्पष्ट लिहिलंय. आधी डीलरला लेखी नोटीस द्या, रजिस्टर पोस्टाने, पोचपावती जपा, सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका. ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, 50 लाखांपर्यंतची गाडी तिथेच चालते, मुदत दोन वर्षं. गाडी मुंबईत घेतली आणि तुम्ही राहता साताऱ्यात, तर साताऱ्यातच करा, कायदा तशी मुभा देतो. फी गाडीच्या किमतीवर, पाच लाखांपर्यंत काहीच नाही, दहापर्यंत 200 रुपये, वीसपर्यंत 400. वकील लागतोच असं नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते.

तक्रारीत डीलरला पहिला विरुद्ध पक्ष करा. कंपनीलाही ओढायचं असेल तर तिने काय केलं ते वेगळं लिहा, नुसतं नाव टाकून भागत नाही. आणि मागणी स्पष्ट ठेवा, गाडी बदलून हवी की व्याजासकट पैसे परत, शिवाय मनस्तापाची भरपाई आणि खर्च.

हे सगळं डीलरकडून घेतलेल्या गाडीसाठी. शेजाऱ्याने किंवा ओळखीतल्या कुणी स्वतःची जुनी गाडी मीटर मागे फिरवून विकली तर तो व्यापारी धरला जात नाही, तिथे पोलिसात फसवणुकीची तक्रार नाहीतर दिवाणी दावा.