लग्नाला फोटोग्राफर किती लागतील, हे कसं ठरवावं

कोटेशन मागवण्याआधी गुरुजींना फोन करा. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी की सकाळी, गौरीहार कधी, मुहूर्त किती वाजताचा, होम अक्षतांनंतर लगेच की जेवणानंतर, हे सगळं वेळांसकट लिहून घ्या. कार्यालय कधी ताब्यात मिळतं आणि कधी रिकामं करायचं, तेही त्याच कागदावर टिपा. पॅकेज तासांवर विकतात खरं, पण एका वेळी किती ठिकाणी काय चाललंय, यावर कॅमेरे ठरतात. तेव्हा यादीत एकाच वेळी येणाऱ्या गोष्टींना गोल करा.

पहिला गोल मंगलाष्टकांना. अंतरपाटाच्या एका बाजूला उभ्या असलेल्या कॅमेऱ्याला एकच चेहरा दिसतो. शेवटचं ‘सावधान’ झालं, की अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, हार घातले जातात, आणि मागची माणसं मोबाइल उंचावून पुढे सरकतात. सगळं मिनिटभरात उरकतं. म्हणून दोन बाजूंना दोन फोटोग्राफर, आणि समोर गर्दीच्या डोक्यावरून दिसेल इतक्या उंच स्टँडवर एक व्हिडिओ कॅमेरा. दोनशेच्या वर पाहुणे असतील, तर याहून कमी घेऊ नका. पन्नास-साठ माणसांत एक फोटोग्राफर आणि एक व्हिडिओवाला पुरतो. नोंदणी विवाहाला एक जण दोन तास आला तरी भागतं.

दुसरा गोल बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. अक्षता पडल्या की पाहुणे जेवणाकडे वळतात, फोटोग्राफरलाही कुणीतरी प्रेमानं ‘आधी जेवून घ्या’ म्हणतं, आणि नेमकं तेव्हाच होमाशी लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी चाललेली असते. कानपिळी तर अर्ध्या मिनिटाची. नवरीचा भाऊ कान पिळून, आहेर घेऊन मोकळा होतो तेव्हा कॅमेरा मठ्ठ्याच्या रांगेत! टीमची जेवणं आळीपाळीनं होतील, हे आधीच सांगून ठेवा.

आता स्टेजचा हिशेब. तीनशे पाहुणे, पाच-पाचचा एक गट, म्हणजे साठ गट. गटाला चाळीस सेकंद धरले तरी चाळीस मिनिटं गेली. तेवढा वेळ एक फोटोग्राफर तिथेच अडकतो. त्याच्याजवळ दोन्हीकडच्या आत्या-मामा ओळखणारं घरचं माणूस आणि पंधरा-वीस गटांची यादी ठेवा. नाहीतर आजीचा फोटो राहतो आणि ऑफिसवाल्यांचे चार निघतात.

मग तास. मेकअपचा शेवटचा अर्धा तास पुरतो, पहाटेपासून कुणाला बसवून ठेवायची गरज नाही. गृहप्रवेश मात्र नीट तपासा. पुण्यात कार्यालय सिंहगड रस्त्याला आणि सासर पिंपरीला असेल, तर माप ओलांडायला लागतात पाच मिनिटं. पैसे जातात संध्याकाळच्या ट्रॅफिकचे. शिवाय वरात दाराशी यायच्या आधी कॅमेरा घरात पोचलेला हवा, नाहीतर पाठमोरे फोटो मिळतात. एकाला पुढे पाठवा, किंवा ते काम सरळ एखाद्या भाच्याच्या मोबाइलवर सोपवा.

दोन्ही पक्षांनी आपापला फोटोग्राफर आणणं, हा आमच्या मते सगळ्यात वाया जाणारा खर्च. दोन टीम एकमेकींच्या फ्रेममध्ये येतात आणि जोडप्याला कुठे बघावं ते कळत नाही. एकच टीम घ्या, खर्च अर्धा-अर्धा करा.

ड्रोन बंद हॉलमधल्या लग्नाला कशाला? लॉनवर हवाच असेल तर लोहगावचा विमानतळ आणि लष्करी हद्दी लक्षात घेऊन ड्रोनसाठीच्या ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा कोणत्या झोनमध्ये येते ते पाहा, परवानगी कोण काढणार ते ठरवा, मगच पैसे द्या.

‘तीन हजार फोटो देऊ’ या आकड्याला भुलू नका. 12 बाय 36 इंची अल्बमच्या 40 शीट्स, शीटला चार-पाच फोटो धरले तर लागतात 160 ते 200.

शेवटी लेखी घ्या: प्रत्यक्ष कोण येणार त्यांची नावं, जादा तासाचा दर, एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवणारा कॅमेरा, डेटा किती दिवसांत. हार्ड डिस्क दोन घेऊन जा. एक माहेरी ठेवायची, एक सासरी.